वाफेच्या गाडीची धर्ममाता

झेली गारोच्या उजव्या हाताला एक खोड लागली होती. जेवणाच्या टेबलावर कुणाचा चमचा पेल्यावर आपटून टिण् झालं, की तिचा हात आपोआप खाली जायचा आणि कोळशाचं खोरं शोधायला लागायचा. मग ती भानावर यायची, हात मांडीवर ठेवायची, आणि समोर बसलेला तिचा थोरला भाऊ आन्सेल्म टेबल बडवत हसायचा. "बघा, बघा! आमची भट्टीवाली जेवतानासुद्धा कामावर!" पाहुणे हसायचे. झेलीही ओठ जरा ताणायची, उगाच कुणाला वाटू नये की बाई रुसली, आणि पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवायची.

आता ही खोड लागली कशी ते सांगायचं तर घंटांपासून सुरुवात करायला हवी.

गारो म्हणजे घंटा ओतणारं घराणं. सार्थ नदीकाठच्या आमच्या सँ-व्हिक्तूर गावात त्यांची ओतशाळा, आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या चर्चच्या मनोऱ्यांत त्यांच्याच घंटा. बाप होता तोवर त्या घराला तेज होतं. तो लहानग्या झेलीला नुकत्या थंड झालेल्या घंटेपाशी न्यायचा, लाकडी हातोडीनं हलकेच ठोका द्यायचा आणि विचारायचा, "बोल गं, हिला कुठं दुखतंय?" झेली कान लावायची आणि बोट ठेवायची. तिथं केसाएवढी भेग निघायची. असा कान घरात दुसऱ्या कुणाला नव्हता. आन्सेल्मला तर मुळीच नाही. त्याचा आवाज मोठा आणि कान लहान.

बाप गेला तेव्हा झेली अजून शेंबडी पोर होती, आई तर आधीच गेलेली. आन्सेल्मनं तिला वाढवलं, हे खरंच. आणि वाढवलं हे तो दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचा, हेही खरंच.

आमच्याकडे घंटेचा बाप्तिस्मा होतो, माणसाच्या लेकरासारखा. तिला नाव मिळतं, धर्मपिता मिळतो, धर्ममाता मिळते. पण गारोंच्या घरात त्यावर एक जास्तीचा नेम होता. घंटा ओतशाळेतून निघाली की धर्ममाता तिच्याबरोबर बैलांच्या गाड्यावर बसायची, तिच्यावर हात ठेवून, आणि ती आपल्या मनोऱ्यात चढून पहिल्यांदा वाजेपर्यंत तिची पाठ सोडायची नाही. तोवर ना लग्न, ना दुसरं घर. सोडली तर घंटेचा आवाज फाटतो म्हणे. घंटेच्या बाबतीत हे दोन-चार दिवसांचं काम. बाई गाड्यावर हिंदकळायची, सायडर प्यायची, गाणी म्हणायची आणि घरी यायची. कुणाला त्याचा जाच वाटला नव्हता.

जाच सुरू झाला तो आन्सेल्मच्या डोक्यात वाफ शिरल्यावर.

प्रशियाशी लढाई होऊन गेली होती. पडक्या मनोऱ्यांना डागडुजी मिळेना, तिथं नवी घंटा कोण घेतो? ओतशाळा थंड पडली. अशात आन्सेल्म ल माँ शहराच्या जत्रेला गेला आणि वाफेवर चालणारा नांगर बघून आला. आल्या आल्या टोपीसुद्धा न काढता ओरडला, "झेली, घोडं संपलं!"

"कुठलं घोडं? आपल्याकडे घोडं आहे कुठं?"

"अगं जगातलं घोडं! सगळं! आता माणूस बसणार, चाक फिरवणार आणि रस्त्यानं जाणार. रूळ नको, चाबूक नको, चंदी नको. आणि ती गाडी कोण बनवणार? आपण!"

त्यानं बनवली. त्याला नावं ठेवायची तेवढी ठेवू, पण हात बापाचे होते त्याच्याकडे. पुढे बाक, त्यावर आन्सेल्म, हातात दिशा द्यायचं चाक आणि पायाशी ब्रेक. मध्ये पाहुण्यांची गादीची बैठक. आणि सगळ्यात मागे उभा बॉयलर, त्याच्याही मागे एक अरुंद फळी, कोळशाची पेटी, पाण्याचा हातपंप. ती भट्टीवाल्याची जागा. चालवणारा एका टोकाला, आग सांभाळणारा दुसऱ्या टोकाला, मध्ये पुरुषभर लोखंड. एकाला दुसरा दिसायचा नाही, ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आन्सेल्मनं एक लहानशी घंटा ओतून मागे टांगली आणि तिची दोरी आपल्या हाताशी नेली. एक ठोका म्हणजे आग वाढव. दोन म्हणजे कमी कर. तीन म्हणजे पोचलो, उतर आणि चाकामागे पाचर लाव.

गाडीला घंटा आली म्हणजे बाप्तिस्मा आलाच. ही चूक फक्त घंटा ओतणारेच करू जाणोत. लोहार असता तर गाडीला गाडी म्हणाला असता आणि गप्प बसला असता. इथं मात्र पाद्रीबाबांना बोलावलं, त्यांनी कुरकुरत पाणी शिंपडलं, पोरांवर साखरेत घोळलेले बदाम उधळले, आणि आन्सेल्मनं गाडीचं नाव ठेवलं 'झेली'. घंटेवरही तेच नाव ओतलं होतं. धर्ममाता झेलीच. तेवीस वर्षांची पोरगी, नव्या पांढऱ्या टोपीत लाजून लाल झालेली. फार आवडलं होतं तिला ते सगळं, खोटं कशाला बोला.

"मी कधी सुटायची रे यातून?" तिनं हसत हसत विचारलं होतं.

"ज्या दारची ही होईल त्या दारात हिची घंटा वाजली, की तू मोकळी. बापाच्या थडग्याची शपथ. पण तोवर पाठ सोडायची नाही हं, धर्ममाते!"

"नाही सोडणार, थडग्याची शपथ," झेलीही म्हणाली.

आणि नेमकं इथंच घोडं पेंड खायला लागलं. गाडीला दार मिळेना.

लोक यायचे, बसायचे, टाळ्या वाजवायचे, ब्रेडवर डुकराच्या मांसाचं रिलेट थापून खायचे आणि जायचे. कुणाला धूर जास्त वाटायचा, कुणाला आवाज. दर फेरीला जिल्ह्याच्या प्रीफेक्टसाहेबाचा परवाना लागायचा, आणि परवाना मिळाला की कुणाची तरी गाय बिथरायची. दर हिवाळ्यात आन्सेल्मला गाडीत एक नवी सुधारणा सुचायची आणि दर वसंतात तो म्हणायचा, "यंदा नक्की." खोगीरवाल्याचा मुलगा झेलीला मागणी घालून गेला. "यंदा गाडी विकली जातेय, मग बघू," आन्सेल्म म्हणाला. खोगीरवाल्याच्या मुलाला आता तीन मुलं आहेत. बेकरीवाला विचारून गेला, तोही दुसरीकडे संसाराला लागला.

भट्टीवर दुसरा माणूस ठेवून पाहिला नाही असं नाही. पहिला रेल्वेवरून आलेला. त्यानं इतका कोळसा कोंबला की बॉयलर किंचाळायला लागला. तो गेला ते बरंच झालं. पण दुसरा, ब्रेस्तकडचा, शांत आणि हुशार होता. चार-सहा आठवड्यांत त्याला आग कळायला लागली. आता भाऊ आपल्याला शपथेतून सोडेल म्हणून झेलीनं मनातल्या मनात बोचकं बांधायला घेतलं. तर आन्सेल्मनं त्यालाही काढलं. "कान नाही त्याला," म्हणाला. कान होता. झेलीनं स्वतः तपासला होता, बॉयलरवर टिचकी मारून पाणी कुठवर आलंय ते विचारलं होतं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की दार बाहेरून लावलेलं आहे आणि किल्ली भावाच्या खिशात आहे. बाहेरचा माणूस उद्या सोडून जाईल. बहीण कुठं जाते?

पळून जावं तर बापाच्या थडग्याची शपथ. राहावं तर हे असं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती खोरं उचलायची.

आणि त्या फळीवरचं आयुष्य म्हणजे काय, ते सांगतो. उभी राहिली की समोर बॉयलरचं काळं पोट. खोरं ठेवून पेटीवर बसली की बॉयलरकडे पाठ. म्हणजे रस्ता दिसायचा तो मागे पडलेला. झाडं यायची नाहीत, फक्त जायची. माणसं भेटायची नाहीत, फक्त लहान होत जायची. कुठलं गाव आलं हे तिला ते गाव मागे पडल्यावर कळायचं. पुढून आन्सेल्म दोरी ओढायचा. टिण्, वाढव. टिण् टिण्, कमी कर. वर्षानुवर्षं भाऊ तिच्याशी तेवढंच बोलला म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात तोंड भाजायचं, थंडीत पाठ गारठायची, आणि दोन्ही ऋतूंत डोळ्यांत राख. पस्तिशी उलटली तेव्हा ती पंचेचाळिशीची दिसत होती.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी सगळ्या बायकांचं धुणं धुवायचं छपराखालचं कुंड आहे. तिथली पेरीन धोबीण म्हणजे तोंडाळ बाई, पण मनानं वाईट नाही. गाडी दिसली की ओरडायची, "काय गं झेली, कसा आहे तुझा लोखंडी नवरा? धूर सोडतो, रोज पाणी मागतो, आणि तू जागची हललीस की ठप्प! आमच्याही घरी तसाच आहे, पण आमचा निदान रविवारी पिऊन पडतो, तेवढी सुट्टी मिळते!" बायका खिदळायच्या. झेलीही हसायची. मग गाडी निघायची आणि पेरीन लहान लहान होत जायची.

ब्लेझ भेटला तो पाण्यामुळेच. नदीवर बोटी चढवाय-उतरवायला पाणदरवाजा आहे, तिथला तो राखणदार. विधुर, लांब मिशा, एक शेळी, आणि दिवसाला दहा वाक्यं बोलणार. गाडी पाणी घ्यायला थांबायची, आन्सेल्म पुढे जमलेल्यांना भाषण द्यायचा आणि ब्लेझ मागे बादल्या आणून द्यायचा. एकदा एक बोट आली, बोटवाल्यानं दार उघडा म्हणून पाणदरवाज्याची घंटा वाजवली. एक ठोका. झेलीच्या दोन्ही हातांत बादली होती. उजवा हात सुटला, बादली सांडली, आणि हात कोळशाच्या पेटीकडे गेला. ब्लेझनं ते पाहिलं. तो हसला नाही. एवढंच केलं त्यानं, हसला नाही. झेलीला तेवढं पुष्कळ झालं.

मग एक दिवस तो म्हणाला, "पुढून काय येतंय, ते कधी बघता का हो तुम्ही?"

"पुढचं भाऊ बघतो."

"या इकडे." त्यानं तिला दरवाज्याच्या लाकडी फळीवर उभं केलं, तोंड नदीच्या वरच्या अंगाला. "बघा. येतंय ते."

नुसतं पाणी येत होतं. पानं येत होती, एक बदक येत होतं. झेलीला रडू कोसळलं. तिलाच कळेना, बदकाकडे बघून काय रडायचं! ब्लेझ शेळीला चारा घालायला गेला, तिला रडून घेऊ दिलं.

त्या शरद ऋतूत ब्लेझची बदली झाली, खाली आंजेच्या बाजूच्या एका पाणदरवाज्यावर. आमच्याकडे घरं, करार, चाकऱ्या सगळ्या बदलतात त्या सर्व संतांच्या सणाला. "सणाच्या सकाळी माझं सामान बोटीवर चढणार," तो म्हणाला. "तिथलं घर लहान आहे. खुर्च्या दोन आहेत."

"मग?"

"मग काय? दोन खुर्च्यांवर एक माणूस कसा बसणार?"

झेलीनं एप्रनला हात पुसले. आधीच कोरडे होते, तरी पुसले. "तिची घंटा तिच्या दारात वाजल्याशिवाय मला येता येत नाही."

"शब्द दिलाय?"

"दिलाय."

"मग मोडू नका. मोडलेला शब्द घेऊन आलात तर तो तिसरा होईल घरात." त्यानं बादली उचलली. "पण बोट थांबायची नाही हो. ती सरकारी आहे."

आणि देवाची करणी बघा, त्याच महिन्यात गाडीला दार मिळालं. टेकडीवरच्या गढीतले बॅरनसाहेब गाडी घेतो म्हणाले. अट एकच: सणाच्या आदल्या दिवशी गाडीनं त्यांना गावातून घेऊन टेकडी चढून गढीच्या पायऱ्यांपाशी आपल्या बळावर पोचवायचं. पोचली की तिथंच ठेवून घ्यायची. झेलीला वाटलं, स्वर्ग दोन बोटं उरला. तिनं गाडीचं पितळ आरशासारखं घासलं. आपली दोन पोलकी आणि बापाची लाकडी हातोडी एका फडक्यात बांधली आणि ते बोचकं कोळशाच्या पेटीच्या कोपऱ्यात दडवलं.

निघाले. बॅरनसाहेब पुढे आन्सेल्मच्या शेजारी, मांडीवर घोंगडी घेऊन. गावानं टोप्या उडवल्या. झेलीला त्या टोप्या पडताना दिसल्या. टेकडीच्या पायथ्याशी धुण्याच्या कुंडापाशी तीन ठोके पडले. चढाआधी शेवटचं पाणी घ्यायचं होतं. झेलीनं उतरून पाचर लावली.

"वरच्या झऱ्याचं घे गं!" पेरीन ओरडली. "आमच्या साबणाचं घेशील तर तुझा नवरा साहेबांच्या अंगावर फेस ओकेल!"

झेली झऱ्याचं पाणी भरत होती, तेवढ्यात बॅरनसाहेब पाय मोकळे करायला उतरले आणि चालत चालत चक्क मागे आले. गाडीच्या मागच्या बाजूला आजवर कुणी पाहुणा फिरकला नव्हता. चांगला माणूस होता, गालावर हसू.

"तर तुम्ही मादमोझेल झेली! गाडी तुमच्याशिवाय इंचभर हलत नाही म्हणे. तुमचे भाऊच सांगत होते. काळजी करू नका, तुमची सोय झाली आहे. तबेल्यावर छान खोली आहे, खिडकी दक्षिणेला. जेवण नोकरांबरोबर. आमची माणसं प्रेमळ आहेत."

"कसली सोय?" झेलीला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे काय? गाडी तुमच्यासकट घेतोय मी! नुसतं यंत्र घेऊन मी काय करू? करारच तसा झालाय. दहा वर्षांचा."

ते गेले, पेरीनशी हवापाण्याच्या गप्पा मारायला. झेली बादली धरून उभी राहिली. मग पुढे गेली. आन्सेल्म चाकाला तेल देत होता. त्यानं मान वर केली नाही, त्यावरूनच तिला सगळं समजलं.

"मला विकलंस?"

"हळू बोल, साहेब आहेत! विकलं काय, विकलं! नोकरी लावून दिली. गढीत! लोक पाय धरतात अशा जागेसाठी."

"घंटा वाजली की मी मोकळी, असं म्हणाला होतास. थडग्याची शपथ घेतली होतीस."

"अगं ते पोरखेळ होते. तुझ्याशिवाय तो गाडी घेत नाही, झेली. दहा वर्षं कुठं गेली कळायचंसुद्धा नाही. आणि तू जाणार कुठं? त्या शेळीवाल्याकडे?" म्हणजे त्याला ते माहीत होतं. माहीत असून केलं होतं. "वाढवलं तुला मी, विसरू नकोस. चल, वाफ उतरतेय. बोलू नंतर."

"बोलू नंतर," झेली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच भेगेच्या घंटेसारखा लागला. ती मागे गेली, पाचर काढली, फळीवर चढली.

टिण्.

तिनं कोळसा घातला. गाडी चढाला लागली. टिण्. पुन्हा घातला. हात आपले चालले होते, त्यांना काही कळलं नव्हतं. मग ती पेटीवर बसली, नेहमीसारखी पाठ करून, आणि समोर खाली अख्खी नदी उलगडली. पाणदरवाजा दिसला. शेजारी लागलेली सरकारी बोट दिसली. ब्लेझच्या दारात काहीतरी काढून ठेवलं होतं. पलंग असेल, कपाट असेल. एका वळणावर ते काडेपेटीएवढं होतं, पुढच्या वळणावर वाटाण्याएवढं. आजवर किती गावं अशी लहान होऊन गेली, तिचं काही अडलं नव्हतं. आज मात्र अडलं. ही शेवटची गोष्ट, हीसुद्धा अशीच मागे पडणार आणि आपण बघत बसणार. दहा वर्षं. दक्षिणेची खिडकी. टिण्.

इथंच उतरावं, असं आलं मनात. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चढत होती, उतरणं काय, पोरखेळ होता. पण चढावर वाफ मेली आणि ब्रेक सुटला तर गाडी गडगडत खाली, नेमकी धुण्याच्या कुंडावर. पेरीन, सगळ्या बायका. झेली संतापली होती, पण मारेकरी नव्हती. आणि दुसरंही होतं. शब्द मोडून ब्लेझच्या दारात जायचं नव्हतं तिला. आन्सेल्मनं शपथ मोडली ती त्याची. तिची तिच्यापाशी होती.

शपथ काय होती? ज्या दारची त्या दारात वाजली, की तू मोकळी. धर्ममातेनं फळीवरच बसून राहावं असं कुठं म्हटलं होतं? पाठ सोडायची नाही, एवढंच. जिथवर कान पोचतो तिथवर पाठच की!

चढ संपला. टेकडीच्या माथ्यावर एक दगडी क्रूस आहे, तिथून लिंडेनच्या झाडांमधून सपाट रस्ता थेट गढीच्या फाटकात जातो. झेली उठली. आपण नसताना बॉयलर फुटू नये म्हणून तिनं हातपंप मारून तो पाण्यानं काठोकाठ भरला. भट्टीची जाळी ओढून सगळा विस्तव खालच्या राखेच्या पेटीत पाडला, वर बादली ओतली. मग बॉयलरला कान लावला आणि बापानं शिकवलं होतं तसं ऐकलं. आत वाफ होती. पुरेल इतकी. नाहीतर नाही पुरणार. एक खोरं आणखी घातलं असतं तर खात्री झाली असती, पण विस्तव गेला होता. तिनं बोचकं उचललं आणि क्रूसापाशी रस्त्यावर पाय टेकला.

गाडी पुढे गेली. मागे कुणी नाही, आणि पुढच्याला पत्ता नाही.

आणि झेली बघतच राहिली. चालती गाडी तिनं उभ्या आयुष्यात बाहेरून कधी पाहिली नव्हती! तिला वाटायचं काहीतरी भव्य असेल. ते तर धुराडं लावलेलं कपाट होतं, डुगडुगत चाललेलं. मागे तिची रिकामी फळी, धक्क्याधक्क्यानं नाचणारी. एवढ्याशा फळीवर मी बारा वर्षं बसले? तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

टिण्, झाडांमधून आलं. तिचा हात खाली गेला. बोचक्याला लागून थांबला.

टिण्. टिण्. आग वाढव, आग वाढव. आन्सेल्मला वाफ उतरताना दिसत असणार. गाडी मंदावली. फाटक अजून पुढे होतं. अलीकडेच थांबली तर? मग वाजणार नाही. मग शपथ तशीच, मग तो मागे येणार, फळी रिकामी बघणार आणि तिला हाताला धरून पुन्हा वर चढवणार, आणि ती चढेल, हे तिला ठाऊक होतं. "चल गं," ती आपल्याच नावाच्या त्या कपाटाला म्हणाली. "चल माझे बाई. थोडंच राहिलंय. मी नाही का ओढलं तुला इतकी वर्षं? आता तू एकदा ओढ."

गाडी जवळजवळ थांबली. मग फाटकापाशी रस्ता जरासा उतरतो, तिथं तिनं अंग टाकलं आणि घरंगळत आत गेली. झाडांआड दिसेनाशी झाली.

काहीच ऐकू येईना. एक कावळा ओरडला, त्याला झेलीनं शिवी दिली.

टिण् टिण् टिण्.

गढीच्या आतून आलं. स्वच्छ, सुरेल, कुठं भेग नाही. पोचलो. उतर आणि पाचर लाव.

"उतरले," झेली मोठ्यानं म्हणाली आणि वळली. ती उतार निम्मा उतरली तरी वरून घंटा वाजतच होती, तीन, पुन्हा तीन, मग नुसतीच कशीही, ज्याला काही अर्थ नाही अशी. तिचा हात दर ठोक्याला दचकत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला आणि चालत राहिली.

कुंडापाशी पेरीन ओलं कापड हातात घेऊन आ वासून उभी. "अगं बाई! तू पायी? नवऱ्यानं टाकलं की काय?"

"मीच टाकला," झेली म्हणाली. "पण पोचवून."

सणाच्या सकाळी बोट सुटली तेव्हा तीवर दोन्ही खुर्च्या होत्या, शेळी होती, आणि झेली बोटीच्या टोकाला जाऊन बसली होती, तोंड पुढे करून. आन्सेल्म तिला भेटायला कधी आला नाही. बहीण वाटेत धक्क्यानं खाली पडली, असंच तो गावात सांगत राहिला, आणि मला वाटतं पुढे पुढे त्याचाही त्यावर विश्वास बसला. तिच्या दहा वर्षांचा करार अर्थातच बारगळला, पण गाडी अटीप्रमाणे गढीतच राहिली. बॅरनसाहेबांनी थोडे दिवस एक माणूस ठेवून बघितला, मग गाडी कोठारात गेली आणि तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

नव्या पाणदरवाज्यावर घराच्या भिंतीला एक मोठी घंटा होती. पहिली बोट आली, बोटवाल्यानं एक ठोका दिला. झेली कणीक मळत होती. पिठाचा हात तसाच चुलीच्या बाजूला गेला आणि खोरं शोधायला लागला. ब्लेझनं पाहिलं. बोट पार करून आला, जेवला, शिडी लावून ती घंटा काढली, पेंढ्यात गुंडाळली आणि गोठ्यात नेऊन ठेवली.

"अहो, मग बोटवाल्यांनी काय करायचं?" झेलीनं विचारलं.

"ओरडतील. देवानं तोंडं दिलीत त्यांना."

तेव्हापासून तिथून जाणारे बोटवाले लांबूनच हाक मारतात, "मादाम झेली, दार!" झेली होती तोवर ती लाकडी फळीवर येऊन उभी राहायची, हात एप्रनच्या खिशात, आणि आधी नदीच्या वरच्या अंगाला बघायची, कोण येतंय ते.